चार बोटं खाली

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात हळू बोलणाऱ्या किराणा दुकानदाराचं मीठसुद्धा खपत नाही. त्यामुळे मी फोनवरही ओरडतो, घरातही ओरडतो, आणि ओरडून सांगितलेलं समोरच्याला बरोब्बर कळतं असा माझा साठ वर्षांचा समज होता. तो फकिराने एका दुपारी मोडला.

फकिराचं आदिलाबादला गॅरेज आहे. मूळचा इंद्रवेल्लीकडचा, चाळिशी ओलांडलेला, हैदराबादला दहा वर्षं काढून वेगळं राज्य झाल्यावर परत आलेला. येताना तो एक नवीन विद्या घेऊन आला. हौशी पोरांच्या गाड्या बुटक्या करून द्यायच्या. समोरच्या स्प्रिंगा कापायच्या, मागच्या लोखंडी पाट्यांतले एक-दोन पाटे काढून टाकायचे, की गाडी पार रस्त्याला टेकते. या कामाला फकिराकडे 'गाडी खाली करणे' म्हणतात. आम्हा दुकानदारांत मात्र गाडी खाली करणे म्हणजे गाडीतला माल उतरवणे, दुसरं काही नाही.

दोन हजार सोळाचा दसरा चार दिवसांवर आला होता. त्याच दसऱ्याला आमच्या एका जिल्ह्याचे चार होणार होते आणि जो तो त्यावरच बोलत होता. माझ्या जीपला समोरून कटकट आवाज येत होता, म्हणून मी ती फकिराकडे टाकली आणि बाजारात गेलो. वाटेत आठवलं की मागे मिठाची पोती, गूळ, तेलाचे डबे सगळं तसंच आहे. फोन लावला.

"फकिरा, आदी गाडी खाली कर, मंग हात लाव!"

"खाली करू? काकाजी, तुमची गाडी?"

"मंग काय गावाची?"

"किती खाली करू?"

"किती म्हंजे? पूरी कर."

"मागून बी?"

"मागून तर आदी कर! सारं वजन मागंच हाय," मी ओरडलो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गेलो तर माल एका बाजूला नीट रचून ठेवलेला, आणि जीप अशी बसलेली की मला वाटलं, चारही टायर पंक्चर झाले. मी जो काही तोंडाचा पट्टा सोडला तो शेजारच्या चहावाल्यानेही काम थांबवून ऐकला. फकिरा शांतपणे हात पुसत राहिला.

"म्या तीनदा इचारलं, काकाजी. तुमी तीनदा हो मनले. मले वाटलं, तुमाले हौस आली."

"मले? या वयात?"

"हौसेले काय वय राह्यते? पन पाहा, वाईट नाई झाली. आता वळनावर झुलनार नाई. बिरेक लावला की नाक खाली घालनार नाई. सडकीले धरून पळते."

"अन् आमच्या गावचा रस्ता? त्याले काय धरून पळनार?"

यावर तो खाली वाकून टायर दाखवायला लागला. जास्त माल टाकू नका, टायर वर घासतात, म्हणाला. गतिरोधक दिसला की जीव मुठीत धरा. कापलेली स्प्रिंग काही परत जुळत नाही, नवीन हैदराबादहून येणार, तीही दसऱ्यानंतर. चूक दोघांची आहे तर काम फुकट करून देतो, असंही म्हणाला. मी अर्धा माल त्याच्याकडे ठेवला आणि चडफडत निघालो. इच्चोड्यापर्यंत हायवेला गाडी खरंच झकास पळाली, पण तेव्हा मी रागात होतो, म्हणून मला ते पटलं नाही. इच्चोड्यापासून पुढे प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि प्रत्येक वेळी माझं काळीज घासलं.

गावात शिरलो तर आमचा बैलजोडीवाला डोमाजी पारावर बसलेला. "सुधाकरराव, दुसरं लगीन करून राह्यले का?" म्हणून हसला. मी काच वर केली.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. जयवंताबाईचे गुडघे दोन-तीन वर्षांपासून दुखतात. जीप उंच, तिचा पाय तेवढा उचलला जायचा नाही. मी लाकडी स्टूल ठेवायचो, मागून खांदा लावायचो, तेव्हा ती कशीबशी चढायची. इच्चोड्याच्या एका लग्नाहून निघताना तिला पाच मिनिटं लागली होती, मागे गाड्या उभ्या, आणि मी म्हणालो होतो, "चढ लवकर, सारे पाहून राह्यले." त्यानंतर ती माझ्या गाडीत बसलीच नाही. आज लोणचं घालायचं आहे, आज पाहुणे येणार आहेत. बसने जाणं तिला झेपायचं नाही, म्हणजे ती घरातच. निर्मलला तिची धाकटी बहीण सोनाबाई राहते. तीस वर्षं दर दसऱ्याला या दोघी बहिणी एकमेकींना सोनं द्यायच्या. मागचे दोन दसरे चुकले. मी तेलं आणली, डॉक्टर केले, चिडचिड केली. बाजूची सीट रिकामी ठेवून तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवायची म्हणजे मला जिवावर यायचं. दुकानात मी दिवसभर बोलतो, पण खरं बोलायचं ते तिच्याशी, तेही गाडीत. तिने यावं एवढंच मला हवं होतं, आणि तेच मला जमत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती अंगणात आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. मी तोंड उघडून बसलो होतो, फकिराच्या सात पिढ्यांपासून सुरुवात करणार होतो. तिने डावीकडचं दार उघडलं, दांडी धरली, पाय उचलला आणि आत बसली. स्टूल नाही, खांदा नाही. ज्या उंचीपर्यंत तिचा पाय यायचा, त्याच्यापेक्षा गाडी चार बोटं उंच होती, आणि फकिराने तेवढीच उतरवली होती.

"दसऱ्याले जाऊ न सोनीकडं," ती म्हणाली.

मी फकिराच्या सातही पिढ्यांना माफ केलं.

दसऱ्याला सकाळी निघालो. गावाबाहेर शाळेपाशी पहिला गतिरोधक आला, आमच्याकडचा, म्हणजे छोटी टेकडीच. दोघांच्या वजनाने गाडी आणखी बसलेली. मी थांबून अंदाज घेत होतो, तेवढ्यात जयवंताबाई दार उघडून उतरली, चालत पलीकडे गेली आणि उभी राहिली. मी तिरकी करून गाडी काढली. ती पुन्हा येऊन बसली. पुढच्या गतिरोधकाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. दोन वर्षं जी गाडीत एकदा चढली नाही, ती इच्चोडा येईपर्यंत अकरा वेळा उतरली आणि अकरा वेळा चढली. शेवटी शेवटी तर गरज नसतानाही उतरली असं मला वाटतं.

"गुडघे दुखतीन," मी म्हणालो.

"दुखू द्या," ती म्हणाली आणि हसली. मला इतका आनंद झाला की समोरचा ट्रकवाला चुकीच्या बाजूने आला तरी मी त्याला काही बोललो नाही.

निर्मलच्या घाटात तिला नेहमी मळमळायचं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापासून घाट म्हणजे लिंबू आणि ओला रुमाल. या वेळी गाडी वळणांवर झुललीच नाही. ती खिडकीबाहेर बघत सागाच्या झाडांबद्दल, सोनाबाईच्या सुनेबद्दल, कशाकशाबद्दल बोलत होती. लिंबू डॅशबोर्डवर तसंच राहिलं.

निर्मलमध्ये नव्या जिल्ह्याचे फलक, फुलांच्या कमानी, लाउडस्पीकर. सोनाबाई दारातच होती. तिच्याकडे लाकडी खेळण्यांना रंग द्यायचं काम चालतं, तिच्या बोटांना हिरवा रंग लागलेला. "बाई, आता तू परजिल्ह्याची पाहुनी," ती म्हणाली आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागली. मग दोघी रडल्या. आपट्याची पानं दिली, घेतली, परत दिली. "भाऊजी, आनलं एकदाचं तुमी माझ्या बहिनीले," सोनाबाई म्हणाली. मी फकिराचं नाव काढलं नाही. सगळं श्रेय आपण घेतलं.

पण रोजचं जगणं दसरा नसतं. पुढच्या महिन्याभरात त्या गाडीने मला सळो की पळो केलं. चार पोती टाकली की मागचे टायर घासून रबराचा वास यायचा. मागे बसलेल्या माणसाला खड्डा मणक्यात कळायचा. समोरचे टायर आतल्या बाजूने झिजायला लागले. आमच्या शेताकडे जाताना वाटेत ओढा आहे. तिथे एका दगडाने खालून इंजिनाच्या तेलाचं चेंबर फोडलं आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत मी वेचायला आलेल्या बायांना घेऊन भर उन्हात अडकलो. डोमाजीच्या बैलजोडीने गाडी ओढून काढली. त्याने वाटेत तोंड उघडलं नाही, पण बैलसुद्धा हसताहेत असं मला वाटत होतं.

फकिराचा फोन आला की स्प्रिंगा आल्या. मी दोन दिवस विचार केला. मग रात्री जयवंताबाई जेवण वाढत असताना तिला ऐटीत सांगितलं, "गाडी वर नाई करत. मालासाठी दुसऱ्याची गाडी सांगतो. तुझ्यासाठी राहू दे खालीच." ती डोळ्यांत पाणी आणेल अशी माझी अपेक्षा होती.

"काऊन?" ती म्हणाली. "दुकान चालवाचं का नाई? करून आना वर."

"मंग तू कशी बसशील?"

तिने भाकरी ताटात ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"गाडी उंच होती मनून नोती बसत का मी? तुमी मागं उभे राहून 'चढ, चढ' कराचे. भर बाजारात. सारे पाहाचे. आटो उंच नसते का? देवळाच्या पायऱ्या नसतेत का? थांबत थांबत चढतेच न मी. तुमी थांबू देत नोते. खालच्या गाडीत तुमाले माझ्या मागं उभं राहाचं कामच नोतं, तेवढंच सुख होतं."

एवढं बोलून ती वरण आणायला उठली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दोन वर्षं मी तिच्या गुडघ्यांना दोष देत होतो, आणि ती घरात बसून राहिली होती माझ्यामुळे. भाकरी गोड लागेना. मला माझीच लाज वाटली, आणि ती तिला सांगायचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आदिलाबादला गेलो. फकिराने नवीन स्प्रिंगा घातल्या, पाटे परत बसवले, आणि खाली वाकून डावीकडच्या दाराखाली बोट दाखवलं. "काकाजी, हे पाहा, हितं पायरीचे भोकं हायेत. आदीच्या मालकाची पायरी गंजून पडली असंल. दुसरी ठोकून देऊ का?" मी स्टूल उचलत राहिलो होतो, आणि गाडीला पायरीची जागा होती. मी हो म्हणालो. फक्त हो.

दुपारी गाडी तयार झाली. पुन्हा उंच, दाराखाली नवी पायरी, तिचा रंग अजून ओला. पायरी अर्ध्यातच होती. वर चढायला अजून एक पाय उचलावा लागणारच होता. चहावाल्याकडे सात-आठ माणसं बसलेली, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. जयवंताबाई दारापाशी गेली आणि दांडी धरली.

माझा पाय सवयीने तिच्यामागे निघाला. मी तो वळवला, गाडीला वळसा घालून माझ्या जागी जाऊन बसलो आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागलो. मला तेलुगू धड वाचता येत नाही, पण अक्षराला अक्षर लावत वाचली. संपली, तर पुन्हा पहिल्यापासून वाचली. बाजूला तिच्या बांगड्या वाजल्या, थांबल्या. पायरी करकरली. श्वास ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही. जिभेवर शब्द येत होता, तो मी गिळला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. फकिराने हातानेच त्याला थोपवलं. मी तिसऱ्यांदा पाटी वाचायला घेतली.

गाडी डावीकडे जराशी कलली आणि दार लागलं. ती धापा टाकत होती. मी पाटीवरची नजर काढली नाही.

"पाहा आता इकडं," जयवंताबाई म्हणाली. "बसली मी."