घटाखालची बेबाकी

माझा गुडघा आखडला की कुठं दाबावं आणि किती, हे माझ्या नातीला, जाईला, कुणी शिकवलेलं नाही. दहावीत असल्यापासून ती संध्याकाळी माझ्या पायाशी बसते. कुठूनसं एक जुनं पुस्तक तिनं मिळवलं होतं. दाबता दाबता त्यातली स्नायूंची अवघड इंग्रजी नावं मला सांगायची. मला एकही लक्षात राहायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. म्हणून यंदा तिला लातूरच्या फिजिओथेरपी कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी जाऊन देवीची ओटी भरून आले. फीसाठी कर्ज काढायचं होतं आणि जाईबरोबर त्यावर तिच्या बापाची, माझ्या अंबादासची, सही लागणार होती.

अंबादास बँकेतून आला तो पायरीवरच बसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काय रे, काय झालं?"

"नाही म्हणायलेत. दुकानाचं कर्ज थकलेलं दिसतंय म्हणे माझ्या नावावर."

"ते तर कधीच फिटलं की!"

"फिटलं आई. पण सिबिलमध्ये फिटलेलं दिसत नाही."

कुणी कर्ज कसं फेडलं याची देशभरची नोंद तिथं असते, हे मला जाईनं समजावलं. बँका आपापल्या गिऱ्हाइकांचं तिकडं कळवतात आणि नवं कर्ज देण्याआधी प्रत्येक बँक ते बघते. म्हणजे दुसऱ्या बँकेत जाऊनही उपयोग नव्हता. मी सही करते म्हटलं, तर माझं वय आडवं आलं.

आमचं तुळजापुरातलं उपाध्यांचं घर. महाद्वाराच्या रस्त्यावर अंबादासचं कवड्यांच्या माळा, परड्या आणि कुंकवाचं दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये देऊळ बंद राहिलं तेव्हा हप्ते थकले, ते खरं. पण देऊळ उघडल्यावर पोरानं व्याजासकट सगळं फेडलं. शेवटचा भरणा केला तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं, देवी पलंगावर निजलेली होती; नवरात्राआधी आणि दसऱ्यानंतर ती अशी निजते. बँकेनं बाकी काही उरली नसल्याचा कागद दिला. आमच्याकडं त्याला बेबाकी म्हणतात.

आमच्या घरात फिटलेल्या कर्जाचा कागद ठेवत नाहीत. घट बसवताना तो मातीखाली ठेवायचा आणि दसऱ्यानंतर उगवलेल्या धानासकट विहिरीत सोडायचा. सासऱ्यांनी तसंच केलं, माझ्या यजमानांनीही केलं. त्यांचं कधी काही अडलं नाही, कारण तेव्हा बँकेत सास्तूरकरसाहेब होते. घराचं कर्ज फिटलं त्या दिवशी साहेब आपणहून आमच्याकडं जेवायला आले. पुरणपोळीवर तूप मागून घेतलं आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "उपाध्ये, आजपासून आपलं देणंघेणं फक्त पोळीचं!" पुढं कुणा व्यापाऱ्यानं यजमानांची चौकशी केली, तर साहेबच सांगायचे की माणूस चोख आहे. फेडलेल्याचं नाव स्वच्छ करणं हेही बँकेचंच काम, असं ते मानायचे. ते काम त्यांच्याबरोबरच निवृत्त झालं, हे आम्हाला कळलंच नाही. अंबादासनं बेबाकी घटाखाली ठेवली आणि दसऱ्यानंतर विहिरीत सोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. यज्ञेश नावाचा तरुण अधिकारी होता. उद्धट नव्हता बिचारा. त्यानं खातं काढून बघितलं.

"खातं बंद आहे. बाकी शून्य."

"मग बाहेर मी थकबाकीदार कसा दिसतो?" अंबादासनं विचारलं.

"ते सिबिलवाल्यांना विचारा."

"विचारलं. ते म्हणतात, बँक कळवेल तेच आम्ही दाखवतो."

"मग त्यांच्याकडं तक्रार टाका. ती आमच्या मुंबईच्या ऑफिसला जाईल, मुंबईवाले आम्हाला विचारतील, मग आम्ही उत्तर देऊ."

"उत्तर तर तुम्ही आत्ताच दिलंत," जाई म्हणाली. "तेच कळवा की त्यांना."

"ताई, इथून तसं होत नाही. बेबाकी आणलीय का?"

अंबादासनं मान खाली घातली. "विसर्जन केलं."

"काय केलं?"

"घटाबरोबर. विहिरीत."

पलीकडच्या टेबलावरची मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. मला राग आला.

"बाळा, कागद तुम्हीच दिला होता ना? तुमचाच कागद तुम्हाला आणून दाखवायचा होय?"

"आजी, तेव्हा बँक वेगळी होती. नंतर ती आमच्यात विलीन झाली. त्या गडबडीत कळवायचं राहिलं असेल. नवी बेबाकी द्यायची तरी मुंबईचीच परवानगी लागते."

"बँक वेगळी असेल. खोली तीच आहे. तू बसलायस तिथं सास्तूरकरसाहेब बसायचे."

"कोण सास्तूरकर?" त्यानं विचारलं. मी उठले.

जाईनं तक्रार केली. महिन्याभरात दुरुस्ती करायचा नियम आहे म्हणे, पण कॉलेजची मुदत त्याआधीच संपत होती. अंबादास रोज दुकान उघडायच्या आधी बँकेत जाऊन उभा राहायचा. यज्ञेश म्हणायचा, "वर पाठवलंय." वर म्हणजे कुठं, हे अंबादासला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं कॉलेजला हात जोडून फोन केले. मुदत संपली. यादीतल्या पुढच्या पोरीला जागा गेली. तिच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले असतील. तिचा काय दोष! जाईनं इथल्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं.

दसरा झाला, देवी पुन्हा निजली, आणि तेव्हा कुठं यज्ञेशचा फोन आला. जाईनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"ताई, झालं बरं का दुरुस्त! बाबांचं नाव एकदम साफ. आता कर्जाला काही अडचण नाही, कधीही या."

"कशासाठी येऊ सर?"

तो म्हणाला, "सॉरी ताई." जाई म्हणाली, "असू द्या," आणि फोन ठेवला.

दुरुस्तीचा कागद अंबादासनं छापून आणला आणि सवयीनं देवघरापुढं ठेवला. घटाची माती अजून टोपल्यात होती, विहिरीत सोडायची राहिलेली. त्यानं टोपलं उचललं आणि दुसरा हात कागदाकडं नेला. जाईनं आधीच तो उचलला.

"हा राहू द्या बाबा."

अंबादासनं हात मागं घेतला. नुसती माती घेऊन विहिरीवर गेला. कागद तिनं कपाटात ठेवला.

संध्याकाळी ती नेहमीसारखी माझ्या पायाशी बसली. अंगठा अचूक दुखऱ्या जागी टेकला. पण स्नायूचं नाव काही आलं नाही. मीच विचारलं, "ह्याचं नाव काय गं? तू सांगायचीस ना?"

"विसरले," ती म्हणाली आणि दाबत राहिली.