नाकावरचे अकरा दाणे

मुलगी झाल्याची बातमी फिटरला मिळाली ती खडूने लिहून. जहाजाच्या इंजिनखोलीत आवाज इतका असतो की कानाशी येऊन ओरडलं तरी काही कळत नाही. तो एका पंपाखाली उताणा पडून गंजलेल्या नटाशी झटत होता. तेवढ्यात त्याच्या डोक्याशी कुणाचे तरी बूट येऊन थांबले आणि पत्र्याचा एक तुकडा खाली सरकला. त्यावर लिहिलं होतं, 'मुलगी. दोघी ठणठणीत.' फिटरने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हातातला पाना आता कुठे ठेवायचा हेच त्याला सुचेना.

घर सोडून त्याला साडेचार महिने झाले होते. निघाला तेव्हा बायकोचं पोट जेमतेम दिसायला लागलं होतं. करार नऊ महिन्यांचा. "जा तू, मी आणि आई बघतो," असं ती म्हणाली होती, आणि तोही मोठ्या धीराचा आव आणून निघाला होता.

फोटो यायला आणखी तीन दिवस लागले. किनारा जवळ आला की जेवणघरातल्या एकाच खिडकीपाशी फोनला थोडीफार रेंज मिळायची. तिथे सगळे एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून उभे राहायचे. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी फिटरला पुढे केलं. फोटो वरून खाली उलगडू लागला. आधी टोपी, मग कपाळ, मग मिटलेले डोळे, मग नाक. तिथेच तो अडकला. जहाज वळलं, किनारा मागे गेला, रेंज गेली. नाकापर्यंतची मुलगी फिटरच्या हातात राहिली.

त्याने चित्र मोठं करून पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही बाजूंना बारीक पांढरे दाणे होते. खसखशीएवढे. त्याने मोजले. अकरा.

"हे काय आहे?" त्याने फोन आचाऱ्यापुढे धरला.

आचारी चार मुलांचा बाप. बाळंतपण, दात, सर्दी, शाळाप्रवेश, कशावरही त्याचं मत तयार असायचं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन लांब धरला, जवळ धरला. "काही नाही रे. दूध साकळलंय कातडीखाली. कोमट तेल लावायचं, मऊ फडकं घ्यायचं आणि गोल गोल चोळायचं. चार दिवसांत नाक लखलखीत."

"नक्की?"

"माझ्या चौघांची नाकं बघितलीस ना?"

फिटरने ती नाकं कधीच बघितली नव्हती. पण माणूस इतक्या ठामपणे बोलला की विश्वास बसतो.

उपग्रहाच्या फोनवर आठवड्याला प्रत्येकी पाच मिनिटं मिळायची. फिटरने त्यातली पहिली दोन बायकोची तब्येत विचारण्यात घालवली आणि मग घसा साफ करून म्हणाला, "तिच्या नाकावर पांढरं काहीतरी आहे."

"हो, आहे. हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, असतं असं. हात लावू नका."

"अगं, असं कसं? चोळायला पाहिजे ते. तेल लावून."

"तुला कुणी सांगितलं?"

"आचाऱ्याने."

"आचाऱ्याने?"

"चार मुलं आहेत त्याला!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मीही तेच म्हणतेय केव्हाची! जावईबापूंना पटतंय बघ, तुलाच पटत नाही." मग बायको म्हणाली, "बरं, बघते." आणि फोन कट झाला.

खरं सांगायचं तर फिटरला त्या दाण्यांची भीती वाटत होतीच, पण फोन ठेवल्यावर त्याला बरंही वाटलं. नळ गळायला लागला, पंखा करकरला की बायकोने हाक मारायची आणि याने पाना घेऊन उभं राहायचं, असा त्यांचा संसार. मुलगी झाली तेव्हा हा हजारो मैल लांब होता. आता निदान एक काम त्याने सांगितलं होतं आणि घरी ते होणार होतं. बाप म्हणून आपण काहीतरी केलं, या समाधानात तो आठवडाभर शीळ घालत फिरला. मधे दोन दिवसांनी रेंज आली तेव्हा फोटोचा उरलेला भागही उतरला. ओठ त्याच्या आईचे होते, हनुवटी सासरची. बायकोने खाली लिहिलं होतं, 'मी हिला मुंगी म्हणते. तू आलास की खरं नाव ठेवू.'

पुढचा फोन लागला तेव्हा बायकोचा आवाज बसलेला होता.

"काय झालं?"

"नाक सोललंय तिचं." ती थांबून थांबून बोलत होती. "आईने तीन दिवस चोळलं. लाल झालं, सुजलं, वरची साल गेली. दूध ओढताना ते अंगाला घासायचं आणि ती किंचाळायची. काल लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं."

"त्या काय म्हणाल्या?" फिटरने विचारलं.

"त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, निम्म्या तान्ह्या बाळांना हे दाणे येतात. ते दूध नाही, पू नाही, घाणही नाही. आपली कातडी रोज जुनी साल टाकत असते. बाळाची कातडी अजून हे शिकतेय. थोडी साल आतच अडकते आणि तिची गोळी होते, बस. तेल नको, क्रीम नको, फोडायचं तर मुळीच नाही. साध्या कोमट पाण्याने तोंड टिपायचं आणि वाट बघायची. काही आठवड्यांत आपोआप जातं. म्हणजे जे सिस्टरनी फुकट सांगितलं होतं, तेच."

"माझं चुकलं," फिटर म्हणाला.

"आईचंही चुकलं, माझंही. मला माहीत होतं तरी मी गप्प बसले. का, सांगू?" तिचा आवाज आणखी खाली गेला. "तू पहिल्यांदा तिच्यासाठी काहीतरी सांगितलं होतंस. मला ते मोडवेना."

महागाची मिनिटं संपत आली होती.

"ऐक," ती शेवटी म्हणाली. "लांबून औषध नको सांगूस. तू फक्त विचार. आज ती काय करत होती, ते विचार. मी सगळं सांगेन."

आचाऱ्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस फिटरच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी फिटरच्या ताटात न मागता दुप्पट वाढून त्याने विषय मिटवला.

पुढे बायकोने एक नेम धरला. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात मुंगीच्या नाकाचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. जहाज किनाऱ्याशी आलं की ते सात-आठ फोटो एकदम उतरायचे. फिटर ते केबिनमध्ये बंकवर बसून एकेक करून बघायचा. लाली ओसरली. नवी साल आली. त्याखाली दाणे होतेच, तसेच, कुणाचं काही ऐकून न घेतलेले. अकरा. मग नऊ. डाव्या नाकपुडीवरचे दोन बरोबरच गेले. सहा. चार.

जावेत म्हणून तो आधी तळमळत होता. आता त्याला वेगळंच वाटू लागलं. या मुलीबद्दल जगात एवढीच एक गोष्ट होती जी त्याला नीट ठाऊक होती. तिचा वास त्याला माहीत नव्हता. तिचं वजन हाताला कसं लागतं ते माहीत नव्हतं. रडणं ऐकलं होतं, पण फोनमधून, खरखरीत. दाणे मात्र त्याला पाठ होते. कुठला मोठा, कुठला बारीक, कुठला जरा बाजूला. निदान एखादा तरी आपण पोहोचेपर्यंत राहावा, असं त्याच्या मनात यायचं, आणि असलं काही मनात आणल्याबद्दल तो स्वतःलाच शिव्या घालायचा.

पाचव्या आठवड्यात फोटो आला. नाक स्वच्छ होतं. खाली बायकोने लिहिलं होतं, 'संपले!!!' तीन उद्गारचिन्हं. फिटरने उत्तरात चार पाठवली. मग फोन छातीवर ठेवून तो वरच्या बंकच्या पत्र्याकडे बघत पडून राहिला, जेवणाची घंटा होईपर्यंत.

पुढे महिन्याभराने त्याच्या डाव्या हाताची कुरबुर सुरू झाली. मुलीच्या जन्माच्या महिनाभर आधी एका वाफेच्या नळीने त्याला मनगटापासून कोपरापर्यंत पोळलं होतं. फोड आले, फुटले, नवी गुलाबी कातडी आली. आता तिच्यावर टणक पांढरे ठिपके उगवले होते, आणि जाड बाहीच्या शिवणीला ते सारखे घासायचे. फिटरने लक्ष दिलं नाही. चीफ इंजिनियरने मात्र दिलं. "हात चिघळला तर माझं इंजिन कोण बघणार?" म्हणून पुढच्या बंदरात त्याने त्याला डॉक्टरकडे पिटाळलं.

दवाखाना बंदराच्या गेटासमोर, दोरखंडाच्या दुकानावर होता. भिंतीला हिरवा ऑइलपेंट, एक वजनकाटा, आणि टेबलावर लवचिक मानेचा दिवा. डॉक्टर म्हातारा, हात मात्र स्थिर. त्याने दिवा खाली ओढला, भिंग घेतलं आणि फिटरचा हात उलटापालटा करून पाहिला.

"भाजलं होतं ना इथे? मग बरोबर. काळजीचं काही नाही. जुनी साल आत अडकून तिची गोळी होते."

फिटर ताठ झाला. "बाळांच्या नाकावर येतं, ते?"

"तेच. तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या मुलीला होतं."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार!" डॉक्टर हसला.

"पण तिचं आपोआप गेलं."

"तिची कातडी कोवळी आहे, तिला घाई आहे. तुमच्यासारख्यांचं वर्षानुवर्षं राहतं. नुसतं राहिलं तरी बिघडत नाही, पण शिवण घासत असेल तर काढून टाकू. मात्र घरी सुई घेऊन बसू नका, पिकेल. मी काढतो."

त्याने हात पुसून घेतला, पाकीट फोडून नवी सुई काढली. दाण्याच्या डोक्यावर टोकाने हलकेच चीर दिली, बाजूने दाबलं, आणि एक पांढरा मणी टुपकन बाहेर आला. रक्त जवळजवळ नाहीच. डॉक्टरने तो कापसाच्या चौकोनावर टिपला आणि पुढच्याकडे वळला.

"जरा थांबता?" फिटर म्हणाला.

"दुखलं?"

"नाही. दुखलं नाही." फिटरने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. न काढलेल्या दाण्यांवरून ते अगदी हळू फिरवलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. वरची कातडी मऊ, आणि खाली तो टणक, घट्ट बसलेला कण. त्या बोटाने त्याने आयुष्यभर पृष्ठभाग तपासले होते, पत्र्यावरची केसाएवढी चीर त्याला डोळे मिटून लागायची. आता त्याने डोळे मिटले. असं लागलं असतं तर तिचं नाक. बरोबर असंच. फक्त याहून मऊ, आणि ऊबदार, आणि तिने नाक मुरडलं असतं.

डॉक्टर सुई धरून थांबला होता. काही वेळाने त्याने विचारलं, "किती महिन्यांची आहे?"

"तीन."

"बघितलीत?"

फिटरने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरने दिवा थोडा बाजूला केला, कारण फिटरच्या डोळ्यांवर उजेड येत होता. "सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "बाहेर कोणी थांबलेलं नाही."

करार संपला तेव्हा बदली माणूस आलाच नाही. आधी पंधरा दिवस म्हणाले, मग महिना, मग आणखी. बायको फोनवर रडली नाही. तिने नुसतं सांगितलं, मुंगी आज पालथी झाली. मुंगी आज बसली, पण उशी लागते. मुंगीला खालचा एक दात आला. तो विचारायचा आणि ती सांगायची.

सात महिन्यांची मुलगी बायकोच्या कडेवर होती, जेव्हा फिटर अखेर जिना चढून आला. त्याने बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. मुंगीने त्याच्याकडे नीट बघितलं, दाढी बघितली, ओठ काढला आणि असं भोकाड पसरलं की शेजारची दारं उघडली.

"या वयात करतात असं," बायको घाईघाईने म्हणाली. "अनोळखी माणूस दिसला की..." आणि तिने जीभ चावली.

"बरोबर आहे की," फिटर म्हणाला. "आहेच मी अनोळखी."

त्याने दाढी काढली. उपयोग शून्य. पहिले चार दिवस तो खोलीत आला की मुंगी आईच्या मानेत तोंड खुपसायची. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा उचलून घ्या जबरदस्तीने, होईल सवय." फिटर आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "नको." तो जमिनीवर, तिच्यापासून दोन हात लांब, पाठ करून बसायचा आणि घरातली बिघडलेली कुलपं खोलून दुरुस्त करायचा. सहाव्या दिवशी त्याला मागे सरपटल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं नाही. पाठीवर एक ओला पंजा टेकला आणि लगेच निघून गेला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी बायको आंघोळीला गेली होती, सासूबाई बाजारात. मुंगी गालिच्यावर बसून चमच्याने डबा बडवत होती आणि फिटर चौथ्या कुलपात गुंतला होता. दारावर थाप पडली. विजेचं मीटर बघणारा आला होता. उंच, घोगऱ्या आवाजाचा, खांद्याला चामडी पिशवी. "मीटर कुठे आहे?" म्हणत तो सरळ आत आला.

डबा थांबला. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं. तिचा ओठ बाहेर आला. तिने आई गेली होती त्या दाराकडे पाहिलं, ते बंद होतं. मग ती चार पायांवर आली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फिटरकडे निघाली. त्याच्या मांडीवर चढली, शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि आपलं नाक त्याच्या गळ्याशी खुपसलं.

फिटरच्या हातातलं कुलूप गळून पडलं. ते नाक गार होतं आणि गुळगुळीत होतं.

"मीटर," त्या माणसाने पुन्हा विचारलं.

"दाराच्या मागे," फिटर अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "सावकाश बघा. आरामात. काही घाई नाही."