कोसभर उंच झाडाची भुकटी

नागपूरच्या वाडीत एका रिकाम्या गोदामात सकाळीच झुंबड उडाली होती. पाटावर हार घातलेला, दगड झालेल्या झाडाचा ओंडका. शेजारी वृक्षानंद महाराज. शाल नवी, थापा जुन्याच.

"सत्ययुगात झाडं कोसभर उंच होती! माणसं एकवीस हात! या ओंडक्याची भुकटी पोटात गेली की ती उंची अंगात उतरते!"

रिवाज असा: संध्याकाळी माप, मग दुधातून भुकटी, रात्रभर तिथेच आडवं पडायचं, उठल्याबरोबर पुन्हा माप. माझ्या शेजारच्या जयवंताची मुलगी काजल मागच्या आठवड्यात अशीच वाढली. वनरक्षक भरतीत मुलींना दीडशे सेंटिमीटर लागतात, ती एकानं कमी होती. तिनं तलाठी परीक्षेचा अभ्यास सोडला आणि रोज दगड पिऊन पोट धरून बसू लागली. मला त्या बुवाची चीड आली होती.

आज सुमतीबाई मापाला उभ्या राहिल्या. आमच्या वस्तीतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. रात्री गोदामातच झोपल्या होत्या.

"एक सेंटिमीटर वाढल्या!" चेला ओरडला. जयजयकार झाला.

बाईंनी पर्समधून भुकटीची पुडी काढली. न उघडलेली.

"मी चाखलीही नाही. घरीसुद्धा मी रोज सकाळी अशीच वाढते. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, झोपेत पुन्हा फुगतात."

"मंग कोसभर झाडं?" जयवंतानं विचारलं.

"ओंडका खरा आहे, फार जुना आहे. पण झाडाला पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत ओढावं लागतं. शे-सव्वाशे मीटरच्या पुढे ते जमत नाही. सत्ययुगातही पाणी पाणीच होतं, महाराज!"

"नास्तिक बाई!" महाराज गरजले.

"संध्याकाळी काजलचं माप घेऊ. थांबाल ना?"

थांबतात कशाला! संध्याकाळी गोदामात ओंडका तेवढा उरला होता. काजल भिंतीला टेकून उभी राहिली, बाईंनी माप घेतलं. एकशे एकोणपन्नास.

"पण सकाळी तं भरते नं मी!" ती रडत म्हणाली.

"भरतीत माप दुपारी होतं, बाळा. तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर."

जयवंता मान खाली घालून म्हणाला, "मीच आणलं होतं तुले इथं, पोरी. चुकलंच माह्यं."

काजलनं डोळे पुसले. "बाई, तलाठ्याच्या परीक्षेले उंची लागते काय?"

"नाही. पण महिनाच उरलाय."

ती तशीच घरी पळाली, पुस्तकं शोधायला.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं तरी विचारत जा: माप घेतलं कधी?