अंगठ्यासाठी तीनशे फ्रेम

मोबाइलच्या चित्रात पाच वस्तू आणि दोन माणसं होती. पलंग, जरीकाठाची शाल, फुलाफुलांचा पडदा, मान फिरवणारा टेबलफॅन आणि निरांजनाचं तबक; पलंगावर बाबा आणि तबक धरलेली आई. त्या दिवशी नितीनचा वाढदिवस होता. माझा हा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर असतो, अकरा महिने घरी आलेला नाही. म्हणून आईने व्हिडिओ कॉलवर मोबाइललाच ओवाळलं.

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली. 'हो' म्हणायचं असेल तर ते उजवा अंगठा उचलतात, तोही पेरभर. हल्ली माणसं ओळखतात की नाही, हे कळत नाही.

"बाबा, ओळखलंत मला?" नितीनने विचारलं.

नेमकी तेव्हाच ज्योत कॅमेऱ्यासमोरून फिरत होती. त्याला नुसते पिवळे चौकोन दिसले.

"ताई, अंगठा हलला का?"

आई आणि मी, दोघीही ज्योतीकडे पाहत होतो.

"उद्या परत विचार," मी म्हटलं.

जहाजावरचं नेट सेकंदाला दीडशे किलोबिटांपलीकडे जात नाही. सेकंदाला पंधरा फ्रेम, म्हणजे पंधरा स्थिर चित्रं जातात; त्यांत ते वाटलं तर एकीच्या वाट्याला साडेबाराशे बाइट येतात, आणि ते खर्च होतात जे हलतं त्यावर. ज्योत, पंखा आणि वाऱ्याने उडणारा पडदा सगळं खाऊन टाकत होते. अंगठ्याला काही उरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पंखा बंद केला, पडदा काढला, शालीच्या जागी पांढरी चादर घातली. आमच्या वस्तीत, अशोका गार्डनात, घरामागूनच रेल्वे जाते. गाडी आली की खिडकी थरथरते आणि अख्खं चित्र हलतं. म्हणून मोबाइल खिडकीतून काढून कोनाड्यात ठेवला.

"तुझ्या फिजिक्सला जरीसुद्धा चालत नाही होय?" आई म्हणाली. "आता मलाही बाहेर बसव."

"तू बस गं. फक्त हलू नकोस."

"नहीं हिलूँगी, मेरी माँ."

तोवर मोबाइलवर सगळ्या फ्रेम साधारण एकाच आकारात बसवायची सेटिंग होती. ती मी बदलली. चित्राचा दर्जा कायम ठेवला, आकार लागेल तसा कमीजास्त होऊ दिला आणि प्रत्येक फ्रेमचा आकार मोबाइलवर नोंदवत ठेवला. सगळं शांत असताना एक फ्रेम तीनशे ते साडेचारशे बाइटची होत होती. आईने "चहा देऊ?" विचारलं, बाबांनी अंगठा उचलला, तेव्हा ती दोन हजार तीनशेवर गेली. एवढी क्षणभराची वाढ जहाजाचं नेट सोसतं.

संध्याकाळी फोन लागला. चित्र स्वच्छ होतं.

"बाबा, मी नितीन. ओळखलंत ना?"

बाबांचे डोळे उघड्या खिडकीकडे होते. आम्ही थांबलो.

"हलला रे," आई म्हणाली. "हलला बघ."

"हो," नितीन नाक ओढत म्हणाला. "दिसला मला. आता ड्यूटीवर जातो, आई."

फोन ठेवल्यावर आईने बाबांची चादर सारखी केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूही पाहिलास ना गं?"

मी मोबाइलवर नोंदलेले फ्रेमचे आकार उघडले. प्रश्नानंतरचे वीस सेकंद, तीनशे फ्रेम. चहाच्या वेळी दोन हजार तीनशे होती; इथली सर्वांत मोठी चारशे बारा बाइट.