अबोल्यातला डोस

सकाळी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातून घरी आल्यापासून सासू-सुनेत अबोला होता. कारण म्हणाल तर दोन ब्लँकेटं. दोन वर्षांच्या चिमणीला भर तापात आजीने त्यात गुंडाळून नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो आजी, लेकरू आहे, धुण्याचं गाठोडं नव्हे! एक पातळ झबलं बास."

"मी मघापासून हेच सांगतेय," सून सगळ्यांदेखत बोलून गेली. आजीला ते झोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी सातला पहिला डोस तिथेच दिला आणि समजावलं: तापाच्या आकड्यापेक्षा पोरीकडे बघा. पाणी घोटघोट पाजा. फार किरकिरली तर औषध द्या, पण मध्ये सहा तास हवेतच. सुस्त पडली, लघवी थांबली, धाप लागली, तर तडक इकडे या.

एक वाजून गेला. सून आंघोळीला गेली आणि चिमणी कण्हू लागली. आजीने पिचकारीत खुणेपर्यंत औषध ओढलं, पाजलं, पिचकारी धुऊन जागच्या जागी ठेवली. सुनेला सांगायचं राहिलं. खरं तर सांगायचंच नव्हतं. आधी तिने बोलावं!

अर्ध्या तासाने सून शिवणयंत्रावरून उठली. गळ्यात टेप, बोटांत खडू. घड्याळ बघून तिने बाटली हलवली, पिचकारी भरली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

बोलले तर हार माझी, आजीच्या मनात आलं. पण चिमणीने इवलंसं तोंड उघडलंसुद्धा. देवाने जीभ दिली ती काय गिळून ठेवायला?

"नको गं!" आजी ओरडली. "मी पाजलंय! एक वाजता. मेलं माझं नाकच आडवं आलं."

सुनेने हात मागे घेतला. तिने पिचकारी बाजूला ठेवली.

"आई, भांडायचं तर भांडू," ती म्हणाली. "पण बोलून भांडू. आणि मीही चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

"खरं तेच बोललीस. गाठोडंच केलं होतं मी."

सुनेने खडूने कपाटाच्या दारावर लिहिलं: 'एक वाजता. आजी.' खाली पुढच्या डोससाठी जागा सोडली.

तेवढ्यात चिमणीने पाण्याची वाटी ओढली. निम्मी प्यायली, निम्मी अंगावर.

"झबलं भिजलं गं!"

"भिजू दे," सून म्हणाली. "पातळच आहे."