धूर भरलेले गोळे

"हे तू मानणार नाहीस. तुझ्या आईनंही मानलं नव्हतं, आणि ती बिचारी माझं सगळंच मानते," असं म्हणून भात्यानं स्टूल पुढे ओढलं, खिशातला दम्याचा पंप काढून दोन फवारे घशात मारले आणि श्वास जागेवर येईपर्यंत समोरच्याला बोटानं थोपवून धरलं. गोष्ट सुरू झाली होती, फक्त आवाज यायचा बाकी होता.

समोर त्याच्या जुन्या जोडीदाराचा, तोफेचा, मुलगा बसला होता. वय बत्तीस, हात बापाचे, भुवया आईच्या. प्रयोगशाळांना लागणारे चंबू आणि नळ्या फुंकायचा तो लहानसा कारखाना. भिंतीला लावलेलं लांब टेबल, त्यावर चार बर्नर. बाकीचे तिघे जेवायला गेले होते. मुलाच्या बोटांत सिगारेट होती, अजून न पेटवलेली. काकांसमोर पेटवावी की नाही, या विचारात ती बोटांतल्या बोटांत फिरत होती.

भाता आपणहून आला नव्हता. सकाळीच वहिनींचा, म्हणजे या मुलाच्या आईचा, फोन आला होता. "भावजी, काल एक चंबू फुंकायला त्याला तीन दम लागले. जेवताना हसत सांगत होता. त्याचे बाबासुद्धा असंच हसत सांगायचे हो. तुमचं ऐकेल तो. काहीही सांगा, पण सोडायला लावा."

काहीही सांगा म्हटल्यावर भात्याला रान मोकळंच होतं.

भाता हे नाव त्याला चाळीस वर्षांपूर्वी काचेच्या मोठ्या भट्टीवर पडलं होतं. काच फुगवायची फुंकणी तोंडाला लावली की तो मध्ये श्वास घ्यायलाच विसरतो, असं लोक म्हणायचे. शेजारच्या जागेवर त्याचा जोडीदार, तोफ. हसला की भट्टीच्या पत्र्यावरची धूळ खाली यायची, म्हणून तोफ. मासेमारीची जाळी तरंगत ठेवायला लागतात ते काचेचे पोकळ गोळे दोघे दिवसभर फुंकायचे. एकानं फुगवायचा, दुसऱ्यानं तोंड बंद करायचं. बोलायची गरज नसे. फुंकणीच्या टोकाला लाल काच लोंबत असायची, तिलाच सिगारेट टेकवून पेटवायची. काडी वापरणाऱ्याला तिथे नवखा समजत. आणि मुकादम शिकवायचा, "भट्टीपुढे उभं राहायचं तर छाती आतून शेकलेली हवी." त्याचं ऐकून सगळी पाळी छाती शेकत बसायची. फुटक्या काचेच्या ढिगाऱ्याशी, पाठीला पाठ लावून, वर निळा धूर. तसं बसणं भात्याला पुन्हा कुठेच मिळालं नाही. ना घरात, ना लेकाच्या मोठ्या घरातल्या मऊ खुर्चीत.

"तर काय झालं," भाता म्हणाला, "तुझ्या बापानं नुकताच दणदणीत झुरका घेतला होता. तेवढ्यात मुकादम ओरडला, अरे काच ओघळतेय! धूर सोडायला वेळ कुठला? तसाच फुंकला. मी गडबडीत तोंड बंद केलं. गोळा गार झाला, बघतो तर आत ढग!"

"ढग?"

"पांढराशुभ्र. हलवला की फिरायचा. मालकानं तो दर्शनी खिडकीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दाराशी ही गर्दी. जाळी गेली खड्ड्यात, प्रत्येकाला घरात टांगायला ढगाचा गोळा हवा. मालकानं हजेरीच्या टेबलावर सिगारेटची खोकीच ठेवली. ओढा म्हणाला, कामाचंच आहे. ओढत नव्हता त्याची बिनपगारी रजा!"

मुलगा हसायला लागला. "काका, काहीही."

"अरे, पुढचं ऐक. आमच्या गल्लीतल्या एका बाईकडे त्यातला गोळा होता. पाऊस यायचा असला की त्यातला ढग काळा पडायचा. ती गोळा बघूनच कपडे वाळत घालायची. एकदा तिच्या नवऱ्याच्या हातून तो फुटला, तर स्वयंपाकघरात गुडघाभर धुकं! बिचारा दोन दिवस चष्मा शोधत होता."

आता मुलगा पोट धरून हसत होता. हसता हसता खोकला आला. आधी साधा, मग खोल, मग टेबलाला धरावं लागलं इतका. भात्यानं तो खोकला ओळखला. तो याच सुरात, याच लांबीचा, पंधरा वर्षं शेजारच्या जागेवर ऐकला होता. तेव्हा त्यालाही सगळे हसायचे. तोफ उडाली म्हणायचे.

त्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आवाज उतरवला.

"सहा महिन्यांनी गोळे परत यायला लागले. ढग बसले होते. आतून सगळी काच पिवळी, आणि तळाशी तपकिरी, चिकट. तुझ्या बापानं एक फोडला, आत बोट फिरवलं, तर बोट सुटेना. माझ्याकडे बघून म्हणाला, भात्या, ही एका फुंकेची घाण. आपण दिवसाला तीस ओढतो. त्या कुठे बसत असतील?"

खरं घडलं होतं ते एवढंच. गोळे शेकड्यांनी नव्हते, एकच होता. तो चुकून झाला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहिला. तळाचा तो डाग त्यांनी एका दुपारी पाहिला होता. तोफ तेव्हा खरंच तसं म्हणाला होता. मग दोघेही मोठ्यांदा हसले होते, आणि लाल काचेला टेकवून दोघांनीही पुढची पेटवली होती. त्यानंतर अकरा वर्षांनी तोफेला चार पायऱ्या चढता येईनाशा झाल्या. तो गेल्यावर भात्यानं सोडली. कशी सोडली, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

मुलगा आता हसत नव्हता. "मग बाबा काय म्हणाले?"

इथे भात्याच्या जिभेवर दोन वाक्यं आली. त्यातलं हलकं होतं ते त्यानं उचललं.

"म्हणाले काय, खिशातलं पाकीट काढलं आणि भट्टीत फेकलं! त्या दिवसापासून हात लावला नाही. एका झटक्यात. तुझा बाप होता तो, मनात आणलं की झालं. तुलाही काय जड आहे रे? आण इकडे ते पाकीट."

"आणि मग ते गेले कशानं?"

"काचेच्या धुळीनं," भाता म्हणाला. "उष्णतेनं. भट्टीचं काम कुणाला सोडतं?"

मुलानं हातातली सिगारेट टेबलावर आडवी ठेवली. ती घरंगळली, तर बोटानं अडवली. बर्नरची बारीक निळी ज्योत मध्ये फुरफुरत होती. 

"खोटं," तो म्हणाला.

"अरे, बाईचे कपडे म्हणतोस ना? ते जरा—"

"कपडे खरे असतील. धुकंही खरं धरतो, गुडघाभर. पण बाबांनी सोडली, हे खोटं आहे, काका. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी त्यांना काखेत धरून संडासाच्या खिडकीशी उभं केलं होतं. हात जोडले हो त्यांनी मला. माझ्या बापानं, मला. मीच पेटवून दिली. ओढायला दम नव्हता त्यांच्यात, नुसती ओठांत धरून उभे राहिले, आणि रडले. आईला आजवर सांगितलं नाही मी." त्यानं पालथ्या हातानं नाक पुसलं. "एका झटक्यात म्हणे! मी चार वेळा सोडली, काका. चौथ्या वेळी नऊ दिवस टिकलो, आणि मला वाटलं, तुम्हाला जमलं, मलाच जमत नाही. असलं सोपं करून सांगू नका मला. तुमचं सांगा. तुम्ही सोडून कितीदा परत पेटवलीत, ते खरं सांगा."