नथ्थूकाकांनी आणलेला बिल्ला

सैन्याच्या भांडारात मी सव्वीस वर्षं टोप्या, पट्टे आणि बिल्ले वाटले. निवृत्त होऊन देवपुरात राहायला आलो, तर लोकांनी तेच काम पुन्हा माझ्या गळ्यात मारलं. कुणाच्या पेटीत पितळेचा तुकडा सापडला की चला नानांकडे. बहुतेक वेळा तो लग्नातल्या बँडवाल्याच्या टोपीचा निघतो आणि आणणाऱ्याचं तोंड उतरतं. मला त्याचं काही वाटत नसे. खरं बोलायला कसली भीड, असं मी चारचौघांत मिरवायचो.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस असताना भडगावकडच्या एका खेड्यातून हिलाल आला. सोबत त्याची आई सुनंदाबाई, वय ब्याऐंशी. ती पाळण्यात असताना तिचे वडील, वना, फौजेत गेले होते. आता ग्रामपंचायत शाळेसमोर दगड बसवणार होती: ‘वना, बर्मा, १९४४’. सरपंचांना जाणकाराचं पत्र हवं होतं.

“मना बाप लढाईमा गया,” म्हातारी म्हणाली. “बठ्ठा गावले माहीत शे.”

तिने पदराची गाठ सोडून बिल्ला माझ्या हातावर ठेवला. वर तीन सिंह. चव्वेचाळीस साली तिथे इंग्रज राजाचा मुकुट असायचा. सिंह आले पन्नासनंतर. मी तो उलटा केला. मागे दोन कड्या असतात, त्यांतून पिन घालून बिल्ला टोपीवर बसवतात. सहा महिने वापरला तरी कड्या आतून घासतात. या कड्यांना पिन कधी शिवलीच नव्हती. दर्शनी बाजू चिंच लावून घासून घासून गुळगुळीत झालेली, पाठ मात्र कोरी.

“अक्का, हा चव्वेचाळीसचा नाही, पन्नासनंतरचा आहे,” मी सरळ सांगून टाकलं. “आणि हा कुठल्याच शिपायाच्या टोपीवर बसलेला नाही. दुकानातून आणलेला कोरा माल आहे.”

“नाना, दगड खोदून झालाय,” हिलाल म्हणाला. “चव्वेचाळीस लिहा ना. तुमचं काय जातं?”

“माझा शब्द जातो.”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुनंदाबाईने पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. मग हळूहळू बोलली. युद्ध संपलं तरी ना पत्र, ना निरोप. आई कुंकू लावून वाट बघत राहिली. सुनंदाबाई आठ वर्षांची असताना नथ्थूकाका, म्हणजे वनाचे भाऊ, जळगावहून हा बिल्ला घेऊन आले. वनासोबतचा शिपाई भेटला, त्याने दिला, म्हणाले. त्याच दिवशी उंबऱ्यावर आईच्या बांगड्या फोडल्या. पोळ्याच्या आत वनाच्या वाट्याचं वावर काकांच्या नावावर झालं.

“मंग मना बाप मरी गया का नही?”

“ते ह्यावरून कळत नाही, अक्का.”

“मायनी जलमभर त्याना नावनी घागर भरी,” ती म्हणाली. “तिनामांगे मी भरस. तो जित्ता व्हता ते?”

अखजीला आम्ही घरातल्या मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. जित्या माणसाची कुणी भरत नाही, तसं नुसतं बोललं तरी आमच्याकडे तोंडावर हात ठेवतात.

“मी चव्वेचाळीस लिहून देतो,” मी शेवटी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

“आते नका लिखू.” तिने बिल्ला माझ्याच टेबलावर राहू दिला आणि उठली. “बापनं काय करानं ते मी पाहसू. पन नथ्थूकाकानी घागर बी मीच भरस, त्यानामांगे कोनी नही. यंदा त्याले पानी नही.”

हिलाल कळवळला. त्याच काकांनी तिला लहानाची मोठी केली, लग्न लावून दिलं, दर अखजीला माहेरी आणलं, हे सगळं त्याने तिला आठवून दिलं.

“हां,” ती म्हणाली. “मना बापना वावरवर.”